जुळ्या मुली, दोन स्वभाव: धाकटीला घरी सगळं येतं, वर्गात ओठ उघडत नाहीत

जुळ्यांची_आई

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. जरा लांबेल.

माझ्या जुळ्या मुली आठ वर्षांच्या आहेत, तिसरीत, एकाच तुकडीत. भिन्नबीज जुळ्या, त्यामुळे चेहरेही वेगळे आणि स्वभावही. थोरली नव्या जागी गेली की पाच मिनिटांत तिथलीच होऊन जाते. नवा खेळ असला तर नियम कळायच्या आधीच ती मैदानात उतरलेली असते. धाकटी कडेला उभी राहते आणि बघते. कोण कुठून पळतं, कोण कसं बाद होतं, कोण चिडतं, सगळं टिपते. घरी आल्यावर त्या खेळाचे नियम थोरलीला समजावून सांगते ती धाकटीच.

अडचण शाळेत आहे. वर्गात पाढे तोंडी विचारतात. उभं राहायचं आणि लगेच म्हणायचं. धाकटीला पंधरापर्यंतचे पाढे उलटसुलट कसेही विचारा, घरी येतात. भांड्यांचा आवाज चालू असताना, खिडकीत बसून, पायात मोजे चढवता चढवता ती बरोबर उत्तर देते. वर्गात उभी केली की मान खाली जाते आणि ओठ मिटतात. मोठ्याने वाचनाचंही तेच. यंदाच्या प्रगतिपुस्तकात थोरलीपुढे ‘हुशार, उत्साही’ असा शेरा आहे आणि धाकटीपुढे ‘आत्मविश्वास कमी, तोंडी सहभाग नाही’. दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर, शेजारी शेजारी उघडली गेली. रात्री दिवा मालवल्यावर धाकटीने विचारलं, “आई, मी हळू आहे का?”

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. पण हा प्रश्न माझ्या मनातून जात नाहीये, म्हणून तुम्हाला विचारते:

हा तिचा स्वभाव आहे की भीती? स्वभाव असेल तर तो बदलायला जावं की तसाच राहू द्यावा? एका ओळखीच्यांनी ‘लर्निंग स्टाइल’ची चाचणी करायला सांगितली. ती केली, तर धाकटी ‘व्हिज्युअल लर्नर’ निघाली. म्हणजे तिला सगळं चित्रांतूनच शिकवायचं का? आणि शेवटचं, पुढच्या वर्षी दोघींना वेगळ्या तुकड्यांत घालावं का?

घर एक, आईबाप एक, वर्ग एक. तरी एकीला सगळं सोपं आणि दुसरीला तेच अवघड जातं, हे रोज डोळ्यांसमोर बघणं कठीण आहे.

पोहणारा_मास्तर

मी मुलांना पोहायला शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो. अशी मुलं दर तुकडीत असतात. ताई, घरात जपून ठेवलं तर ती धीट होणार नाही. पाण्याची भीती पाण्यातच जाते. तिला वक्तृत्वात, नाटकात घाला. चार वेळा अडखळेल, पाचव्या वेळी बोलेल. आत्ता आठ वर्षांची आहे तोवर होईल, पुढे सवय पक्की होत जाते. मुलगी हुशार आहे हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं, म्हणून तळमळीने सांगतोय.

पाटी_पेन्सिल

मी प्राथमिकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. तुमची धाकटी माझ्या जवळजवळ प्रत्येक वर्गात होती, वेगवेगळ्या नावांनी. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. ती हळू नाही. वर्गात मोजला जातो तो उत्तर द्यायला सुरुवात करण्याचा वेग. समजायला किती वेळ लागला, हे त्यात मोजलंच जात नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधल्या संभाषणाच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच बोलून मोकळे होतात, असं तिला आढळलं. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते ती मुलंही बोलू लागली. मुलं तीच होती, बदललं फक्त थांबणं. हे मी वाचलं तेव्हापासून प्रश्न विचारल्यावर मनात आकडे मोजायची सवय लावून घेतली. सुरुवातीला ती शांतता शिक्षकालाच सहन होत नाही. चाळीस डोळ्यांच्या जोड्या आपल्याकडे बघत असतात आणि वाटतं, वर्ग हातातून सुटला. सुटत नाही. त्या शांततेत मुलं विचार करत असतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहिले कित्येक आठवडे त्याने माझ्यासमोर एक शब्द उच्चारला नाही. मधल्या सुट्टीत मात्र मित्रांना मी शिकवलेलं सगळं, माझ्या हातवाऱ्यांसकट, करून दाखवायचा. मी त्याला वर्गात अचानक उभं करणं बंद केलं. त्याऐवजी शाळा सुटताना एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर एकच प्रश्न आणि खाली लिहिलेलं, ‘उद्या हा मी तुला विचारणार आहे.’ दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारायचा. पहिल्यांदा उत्तर ऐकू येईल न येईल अशा आवाजात आलं. मी “बरोबर” म्हणून पुढे गेले. टाळ्या नाहीत, “बघा बघा, हा बोलला” नाही. अशा मुलाला कौतुकाचा गलकाही प्रश्नाइतकाच जड जातो, हे लक्षात ठेवा. पुढे चिठ्ठीवर एका प्रश्नाऐवजी तीन लिहू लागले, त्यांतला कुठला विचारणार ते सांगायचं नाही. मग चिठ्ठीवर फक्त धड्याचं नाव. वर्षाच्या शेवटी चिठ्ठी लागेनाशी झाली. तो वर्गातला बडबड्या कधीच झाला नाही, आणि व्हावं असं मला वाटलंही नाही. विचारलं की सांगायचा. मला तेवढंच हवं होतं.

दुसरी गोष्ट पाट्यांची. पाढा असो की शुद्धलेखन, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं आणि मी म्हटलं की पाट्या एकदम वर. कुणाला काय येतं हे मला एका नजरेत कळायचं आणि कुणी एकटं पडायचं नाही. किंवा आधी स्वतःशी विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गाला सांगणं. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात सर्रास असते. तुमच्या धाकटीसारखीला या रीतीत दोन वेळा तयारी करायला मिळते. तिच्या बाईंकडे हे मागायला संकोच करू नका. यात वेगळं साहित्य लागत नाही, वेगळा तास लागत नाही.

आता ती चाचणी. ‘व्हिज्युअल लर्नर’ हा शिक्का कृपा करून तिच्यावर मारू नका. प्रत्येक मुलाची एक शैली असते आणि त्या शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, ही समजूत फार लोकप्रिय आहे. पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये त्यावरचं संशोधन तपासलं आणि शाळांनी त्यावर वेळ-पैसा घालवावा असा पुरावा त्यांना मिळाला नाही. चित्र आवडणं वेगळं आणि चित्रातून जास्त कळणं वेगळं. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो, कविता सगळ्यांनाच ऐकून कळते. शिकलेलं पुस्तक मिटून आठवायचं, स्वतःला विचारायचं, हे तर प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. तुमच्या धाकटीलाही आठवण्याचा सराव हवाच. फक्त तो चारचौघांत उभं राहून करावा लागला की भीतीत बुडून जातो. तर तो पाटीवर होऊ द्या, कागदावर होऊ द्या, बहिणीसमोर होऊ द्या.

आणि आता न विचारलेलं बोलते. मला तुमच्या थोरलीबद्दल जास्त जाणून घ्यायचंय. ‘हुशार’ हा शेरा तिला किती वर्षं मिळतोय? क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. काहींना “तू हुशार आहेस” म्हटलं, काहींना “तू मेहनत घेतलीस”. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिल्यावर हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर हिरमुसली आणि त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. स्वतःचे गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. ‘हुशारी मेहनतीने वाढते’ अशी मनोवृत्ती मुलांत रुजवून शाळेतले गुण वाढवायच्या कार्यक्रमांचा परिणाम पुढच्या मोठ्या अभ्यासांत लहानच दिसला, तेव्हा त्यातून चमत्काराची अपेक्षा नको. पण मी वर्गात पाहिलेलं या प्रयोगाशी जुळतं. पटकन हात वर करणाऱ्या, सगळं लगेच जमणाऱ्या मुली पाचवी-सहावीत पहिल्यांदा न जमणारं गणित समोर आलं की हबकतात. अडण्याची त्यांना सवयच नसते. धाकटी रोज अडते आणि रोज शाळेत जाते. थोरलीला अडायची संधी कुठे मिळते, ते बघा.

शाळेतली_समुपदेशक

वरच्या बाईंचं चिठ्ठीचं तंत्र मी माझ्या नोंदवहीत लिहून घेतलं.

‘स्वभाव की भीती’ याबद्दल थोडं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांना तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाहिलं. साधारण ४० टक्के मुलं सहज जुळवून घेणारी, १० टक्के कठीण आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात नीट बसत नव्हती, हे लोक सांगायला विसरतात. तुमची धाकटी त्या १५ टक्क्यांतली वाटते. नव्याला पहिला प्रतिसाद माघारीचा, पण वेळ मिळाला की पूर्ण सहभाग.

त्या दोघांचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं निरीक्षण गटांच्या नावांत नाही. मूल आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर ते भर देत. त्यांनी न्यूयॉर्कमधल्याच पोर्तो रिकोहून आलेल्या श्रमिक कुटुंबांतली मुलंही पाहिली. झोपेची वेळ अनियमित असलेली मुलं तिथेही होती, पण ठरल्या वेळी झोपलंच पाहिजे असा घरचा आग्रह नव्हता, म्हणून झोपेची ‘समस्या’ही जवळपास नव्हती. शाळा सुरू झाली, सकाळी उठणं भाग पडलं आणि समस्या उभी राहिली. मुलांची झोप पूर्वीसारखीच होती. तुमच्याकडे तेच झालंय. घरातल्या मागण्यांशी धाकटीचा मेळ आहे, वर्गातल्या भराभर तोंडी उत्तरांशी नाही.

हे किती जन्मजात आहे? जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती खेळणी, नवे वास, अनोळखी आवाज दाखवले-ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडलं. अशी मुलं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त होती, पण त्यांतली बरीच टोकाची बुजरी झाली नाहीत. ती अगदी बिनधास्तही क्वचितच झाली. म्हणजे स्वभावाने तुमच्या मुलीसाठी एक वाट अवघड केली आहे, पण दुसरी कुठलीही बंद केलेली नाही. थोरलीसारखी करायचा प्रयत्न सोडा. आजच्यापेक्षा सैल, मोकळी करायचा प्रयत्न जरूर करा.

भीतीकडे मात्र लक्ष हवं. काळजीने मन भरलं की हिशेब डोक्यात धरून ठेवायची जागा कमी पडते. जेरार्डो रामिरेझ, शॅन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांत पाहिलं, तर गणिताच्या धास्तीचा फटका ज्यांची कार्यकारी स्मृती चांगली होती त्यांनाच जास्त बसत होता. डोक्यात चार गोष्टी एकदम धरून गणित सोडवणाऱ्या मुलाची तीच जागा काळजीने व्यापली जाते. म्हणून ‘येतं पण सांगता येत नाही’ हे तुमच्या मुलीचं ढोंग नाही आणि आळसही नाही.

एक गोष्ट तपासून घ्या. ती वर्गात फक्त उत्तरं देत नाही, की मैत्रिणीशीही बोलत नाही, पाणी प्यायला जाऊ का असंही विचारत नाही? घरी मोकळेपणी बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, तर त्याला निवडक मूकपणा म्हणतात. तो चिंतेचा विकार आहे, त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. (शाळेचा अगदी पहिला महिना यात धरत नाहीत.) तसं असेल तर इथल्या सल्ल्यांवर थांबू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

मागचा_बाक

मी ती धाकटी होतो. आता चाळिशीत आहे. विमानाची इंजिनं तपासण्याचं काम करतो. एक बारीक कॅमेरा आत सोडून पात्यांवर तडा आहे का ते बघत राहायचं. माझ्या कामात आधी बघणं आणि नंतर बोलणं याचेच पैसे मिळतात. सहकारी थकतात तेव्हा मी थकत नाही.

पण सगळं छान झालं असं सांगणार नाही. बैठकीत बोलायची पाळी येते तेव्हा छाती अजूनही धडधडते. मला दोन गोष्टींनी मदत होते. मुद्दे आदल्या दिवशी लेखी पाठवतो, आणि बैठकीत शक्य तेवढ्या लवकर एक वाक्य बोलून टाकतो, कारण वाट बघत बसलं की धडधड वाढत जाते. तुमच्या मुलीला हे दुसरं आत्ताच शिकवता येईल. “शेवटी विचारा” असं तिला मागू देऊ नका. “मला दुसऱ्या नंबरला विचारा” असं मागू द्या.

आणखी एक. लहानपणी मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर माझ्या वतीने दिलेली उत्तरं. कुणी नाव विचारलं की घरातलं कुणीतरी चटकन सांगायचं, “तो लाजतो.” हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले की कुणी काही विचारलं की तेच माझं उत्तर झालं.

पोहणारा_मास्तर

वाचलं सगळं. पण एक प्रश्न उरतो आणि तो मनापासून विचारतो. स्वभावाला जपत, चिठ्ठ्या देत, दुसऱ्या नंबरला विचारत मूल मोठं केलं, तर बाहेर कोण चिठ्ठी देणार आहे? मुलाखतीत समोरचा तीन सेकंद थांबणार नाही. मग आपण तिला आत्ता सोपं करून पुढे अवघड करत नाही का?

शाळेतली_समुपदेशक

हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि संशोधन अर्ध्यावर तुमच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियातले रोनाल्ड रॅपी यांनी बुजऱ्या बालवाडीच्या मुलांच्या पालकांसाठी एक छोटा कार्यक्रम केला. भीती वाटेल तिथून मुलाला उचलून न्यायचं नाही, त्याच्या वतीने बोलायचं नाही, पायरीपायरीने सामोरं जाऊ द्यायचं, हे पालकांना शिकवलं. त्या मुलांत पुढे चिंतेचे विकार कमी दिसले. अतिकाळजीने बुजरेपणा टिकतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

तुम्हालाच विचारते. पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला तुम्ही पहिल्या दिवशी कुठे उतरवता?

पोहणारा_मास्तर

काठावर बसवतो, पाय पाण्यात. मग पायरीवर उभं. मग कमरेएवढं पाणी, माझा हात धरून. तोंड पाण्यात घालायला सगळ्यात शेवटी सांगतो. खोल पाण्यात ढकललेली मुलं पुढच्या आठवड्यात येतच नाहीत, हे मी पाहिलंय.

वक्तृत्व म्हणजे खोल पाणी, असं म्हणताय ना तुम्ही. ठीक आहे. पण पायऱ्या थांबता कामा नयेत, एवढं माझं म्हणणं राहील. काठावरच बसवून ठेवलेलं मूल पोहत नाही.

पाटी_पेन्सिल

मास्तर, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. चिठ्ठीवरचे प्रश्न एकाचे तीन केले आणि मग नुसतं धड्याचं नाव ठेवलं ते त्यासाठीच. आणि पायरी कधी चढायची हे मुलाच्या चेहऱ्यावरून ठरायचं, माझ्या वेळापत्रकावरून नाही.

जुळ्यांची_आई

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

आधी तपासलं. धाकटी मैत्रिणींशी बोलते, डबा खाताना तर थांबत नाही, बाईंना पाणी प्यायला जाऊ का असंही विचारते. फक्त सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की गप्प. तेवढ्याने जीव भांड्यात पडला.

मग वर्गशिक्षिकेला भेटले. भीत भीत गेले होते, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं. पाट्या त्यांच्याकडे नाहीत, पुसता येणारे पांढरे फळे आहेत, ते काढते म्हणाल्या. चिठ्ठीचं ऐकून त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, अशा अजून दोन मुलींना देऊन बघते. धाकटीला मी ‘दुसऱ्या नंबरला’ची गोष्ट सांगितली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “तिसऱ्या. दोघींचं ऐकलं की मला कळतं बाईंना कसं उत्तर हवंय.” मग तिसऱ्याच नंबरला ठरलं.

पाहुण्यांसमोर “ती लाजते” म्हणणं घरात सगळ्यांनी बंद केलंय. आता पाहुण्यांनी काही विचारलं की आम्ही थांबतो. ती कधी बोलते, कधी नाही.

थोरलीबद्दल लिहिलेलं मात्र मला आतपर्यंत लागलं. तिला बुद्धिबळ शिकायला बसवलं धाकटीबरोबर. तिथे घाई केली की वजीर जातो. पहिल्या दोन डावांत सोंगट्या उधळून उठली. पाटी_पेन्सिल बाई, तुमची आठवण झाली. मी “हुशार आहेस, जमेल” असं म्हटलं नाही. “कुठल्या चालीला अडकलीस ते दाखव” म्हटलं. तेव्हा धाकटीने दाखवलं, आणि थोरलीने ते ऐकून घेतलं, हे आमच्या घरात नवीन आहे.

तुकड्यांचा प्रश्न मात्र राहिलाच. शाळा विचारतेय, वेगळं करायचं का म्हणून.

शाळेतली_समुपदेशक

सगळ्या जुळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. ब्रिटन आणि कॅनडातल्या क्वेबेकमधल्या हजारो जुळ्यांवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वर्गात असलेल्या आणि वेगळ्या वर्गांत असलेल्या जुळ्यांची प्रगती, बुद्धी आणि शिकण्याची ओढ तपासली, तर सरासरीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणून सरसकट वेगळं करायचा नियम शाळेने करू नये आणि सरसकट एकत्र ठेवायचाही नाही.

तुमच्या दोघींसाठी मी तीन गोष्टी बघेन. वर्गात धाकटीची उत्तरं थोरली देते का? तुलना शिक्षकांकडून होते की मुलीच एकमेकींशी करतात? आणि धाकटीच्या मैत्रिणी तिच्या स्वतःच्या आहेत की थोरलीमार्फत आलेल्या? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि मैत्रिणीही थोरलीच्याच असतील, तर वेगळ्या तुकडीचा विचार करा. मात्र धाकटीबरोबर तिची एखादी मैत्रीण त्या तुकडीत जाईल असं बघा आणि नवी वर्गखोली सुट्टीतच एकदा तिला दाखवून आणा. मैत्रिणी तिच्या स्वतःच्या असतील आणि नव्या बाई पांढरे फळे, चिठ्ठ्या चालू ठेवणार असतील, तर या वर्षी जे सुरू झालंय ते मोडायची घाई मी करणार नाही.

आणि विचारताना दोघींना वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलंत तर थोरली दोघींच्या वतीने उत्तर देऊन टाकेल. धाकटीला प्रश्न आज सांगा, उत्तर परवा घ्या.

जुळ्यांची_आई

आजच विचारते. धाकटीला कागदावर लिहून देते, तिला ते आवडेल.